वाढत्या मापाचे बूट : वाचकांचे प्रश्न

मुलांच्या बुटांविषयी आलेल्या पत्रांत बरेच प्रश्न एकाच अर्थाचे होते, फक्त शब्द वेगळे. ते एकत्र केले आहेत. पावलाचं माप कसं घ्यायचं ते पहिल्या उत्तरात सविस्तर दिलं आहे. पुढची उत्तरं त्या मापाला धरूनच आहेत, तेव्हा पहिलं उत्तर गाळून पुढे जाऊ नका.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. एका कंपनीचा २७ नंबर तिला बरोबर होतो, दुसऱ्या कंपनीचा २७ घट्ट बसतो. तक्त्यात २७ म्हणजे ९ असं वाचून ऑनलाइन ९ नंबर मागवला, तर तो आखूड निघाला. तिचा खरा नंबर कोणता समजायचा?

उत्तर : खरा नंबर असा काही नसतो. खरी असते पावलाची लांबी, आणि ती घरी मोजता येते. नंबर म्हणजे त्या लांबीला वेगवेगळ्या पट्ट्यांनी दिलेली नावं.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून, धावून पाऊल थोडं फुगलेलं असतं, त्यामुळे सकाळच्या मापाने घेतलेला बूट संध्याकाळी आवळतो. बुटात जे मोजे घालणार तेच पायात असू द्या. कडक, सपाट फरशीवर भिंतीला भिडवून कागद ठेवा. भिंतीच्या पायथ्याशी फरशीची पट्टी पुढे आलेली असेल तर टाच त्या पट्टीला टेकते, म्हणून कागदाची कडही पट्टीलाच भिडलेली हवी. मुलीला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा. बसवून मोजू नका, कारण भार आला की पाऊल लांबतं. पायाशी काही चाललं आहे असं दिसलं की मूल वाकून बघतं आणि टाच भिंतीपासून सुटते, म्हणून समोरून कोणीतरी तिला बोलण्यात गुंतवून ठेवावं. गुदगुल्या होऊन तिने बोटं आवळली तर ती हलक्या हाताने सपाट करा.

आता पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढायचा मोह टाळा. पेन्सिल जरा तिरकी झाली की बोटाखाली शिरते आणि माप ३-४ मिमी कमी येतं. त्याऐवजी एखादा छोटा खोका सर्वांत लांब बोटाला टेकवा आणि खोक्याच्या कडेला कागदावर खूण करा. सर्वांत लांब अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं. मग दुसरा पाय. दोन्हींत जो मोठा, तो धरायचा.

समजा माप १६५ मिमी आलं. त्यात १२ मिळवा : १७७. बुटाची आतली लांबी एवढी हवी. चालताना दर पावलाला पाऊल दाबलं जाऊन लांबतं आणि किंचित पुढे सरकतं, त्यासाठी ५-६ मिमी मोकळे लागतात. उरलेले ६-७ वाढीसाठी. बरोबर १२चा बूट मिळेलच असं नाही, पण ही जागा ९ पेक्षा कमी आणि १५ पेक्षा जास्त नको.

दुकानात जाताना एक पुठ्ठ्याची पट्टी घेऊन जा. लांबी १७७ मिमी, रुंदी बोटभर, आणि टोक बोटाच्या टोकासारखं गोल कापलेलं. ती बुटात सरकवा. टाचेपासून पुढच्या टोकापर्यंत न मुडपता सपाट बसली तर बूट चालेल. कमान करून वर आली तर बूट आखूड, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. मुलगी कंटाळली असेल तर तिला सोबत न नेताही एवढं काम उरकतं.

आता नंबरांचं कोडं. युरोपीय पट्टीत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, ६.६७ मिमी. ब्रिटिश पट्टीत एक नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, ८.४७ मिमी. दोन्ही पट्ट्या पाऊल मोजत नाहीत. बूट ज्या साच्यावर चढवतात त्याची लांबी मोजतात. साचा पुढे निमुळता असला की टोकाची जागा बोटांना मिळत नाही. दोन कंपन्यांचे २७ वेगळे बसतात ते मुख्यतः यामुळे. हिशेबाने २७ नंबरची आतली लांबी १८० मिमी येते, म्हणजे १६५च्या पावलापुढे १५ मिमी जागा. २६ घेतला तर १७३, म्हणजे जेमतेम ८. ब्रिटिश ९ सुमारे १७८ मिमीचा असतो, तो तुमच्या मुलीला जवळजवळ नेमका. पण अमेरिकी पट्टीत मुलांच्या त्याच बुटावर साधारण अर्ध्या ते एका नंबराने मोठा आकडा असतो. तुम्हाला आलेला ९ बहुधा अमेरिकी असावा, म्हणून आखूड पडला. डब्यावर किंवा जिभेच्या आतल्या शिक्क्यावर आकड्याशेजारी कोणती पट्टी लिहिली आहे ते पाहा.

ब्रिटिश पट्टीतला आणखी एक खड्डा : मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि तिथून पुन्हा १ पासून सुरू होतात. तेव्हा १ नंबरचा बूट तान्ह्या बाळाचाही असू शकतो आणि २२० मिमी लांबीचा, शाळकरी मुलाचाही.

ऑनलाइन तक्त्यात 'सेंटिमीटर' असं लिहिलेलं असतं, पण कशाचे ते नीट वाचा. काही तक्ते पावलाची लांबी देतात, काही बुटाच्या आतली. पावलाची लांबी दिली असेल तर जागा धरूनच नंबर ठरवलेला असतो, वर पुन्हा १२ मिळवले तर बूट होडी होईल. आतली लांबी दिली असेल आणि तुम्ही ती पावलाशी जुळवली, तर बोटांपुढे काहीच उरणार नाही. तक्ता काहीच सांगत नसेल तर विचारून घ्या, अंदाजाने मागवू नका.

प्रश्न : कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. तसेच बूट दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस भरला तर वर्षभर तरी निघतील ना?

उत्तर : बाही दुमडता येते, झग्याला टीप मारता येते. सोल दुमडता येत नाही.

चालताना पाऊल चवड्यापाशी वाकतं. टाचेपासून मोजलं तर ही जागा पावलाच्या लांबीच्या साधारण ७० टक्क्यांवर येते. १६५ मिमीच्या पावलात सुमारे ११५ मिमीवर. बुटाचा सोलही तिथेच वाकेल असा बनवलेला असतो. दोन युरोपीय नंबर मोठा बूट घेतला की सोलचा वाकायचा भाग सुमारे ९ मिमी पुढे जातो, थेट बोटांखाली. पाय एका जागी वाकू पाहतो आणि बूट दुसऱ्या. मग टाच उचलली जाते, मागे फोड येतो, बूट सुटू नये म्हणून मूल बोटांनी आतला तळ धरून ठेवतं आणि पाय घासत चालतं. जिन्यावर तर अडखळणं ठरलेलंच.

आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही : ढिल्या बुटात पाऊल पुढे घसरतं. म्हणजे मोठ्या बुटातही बोटं पुढे आपटतात. कापूस भरल्याने वाकायची जागा काही मागे सरकत नाही. दोन-चार दिवसांत घामाने त्याचा कडक गोळा होतो आणि बोटं त्या गोळ्यावर दाबली जातात. वर्षभराने पाय त्या मापाला येतो तोवर बुटाला चुकीच्या जागी घडी पडलेली असते आणि टाचेचा भाग बसलेला असतो. बूट नवा असताना पाय लहान, आणि पाय पुरा झाला तेव्हा बूट जुना, असा हा व्यवहार आहे.

वाढीसाठीची जागा म्हणजे ते ६-७ मिमी. त्याहून जास्त वाढ आगाऊ विकत घेता येत नाही. माप दोन नंबरांच्या अधेमधे आलं तर मोठा नंबर घ्या आणि आत पूर्ण लांबीचा, २-३ मिमी जाडीचा पातळ सोल टाका. त्याने पायाच्या वरची पोकळी भरते आणि पाऊल कमी घसरतं. दोन-तीन महिन्यांनी तो काढून टाकायचा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. बूट लागतो का विचारलं की 'नाही' म्हणतो. पण मोज्याला अंगठ्यापाशी सारखी भोकं पडतात. मी बुटावरून अंगठा दाबून बघते, तेव्हा पुढे जागा लागते. मग बिघडतंय काय?

उत्तर : बहुधा बूट आखूड झाला आहे आणि तुमचा अंगठा फसतो आहे. बुटावर कोणी दाबलं की मूल बोटं आत आखडून घेतं. मुद्दाम नाही, आपसूक. दाबणाऱ्याला रिकामी जागा लागते, हात काढला की बोटं पुन्हा पुढे. त्यात बुटाचं टोक कडक असेल तर आतलं काही कळतच नाही.

मुलाच्या 'नाही'वरही विसंबू नका. तो खोटं बोलत नसतो. या वयात पावलातल्या हाडांची टोकं अजून कूर्चेची, मऊ असतात आणि सांधे सैल असतात. आखूड बुटात बोटं न दुखता दुमडून बसतात. दुखायला लागतं तेव्हा बूट बऱ्याच आधीपासून आखूड झालेला असतो.

मुलाला विचारण्यापेक्षा बुटाला विचारा. आतला सोल सुटा असेल तर तो काढा आणि खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरा. टाचेचा गोल, चवड्याचा आडवा पट्टा आणि पाच बोटांचे काळपट खळगे दिसतील. बोटांच्या खळग्यांपुढे निदान ५-६ मिमी स्वच्छ पट्टी राहिलेली हवी. अंगठ्याचा खळगा थेट कडेपर्यंत गेला असेल किंवा कडच वर मुडपली असेल, तर तो बूट संपला. खळगे लांबट नसून एकमेकांना चिकटलेले, खोल ठिपके असतील तर मूल बोटं आकसून चालतं आहे. असा सोल ढिल्या बुटाचाही असू शकतो, म्हणून मग त्याच सोलवर मुलाला उभं करा. टाच मागच्या कडेशी नेमकी आणि पुढे किती उरलं ते पट्टीने मोजा.

सोल सुटा नसेल तर हात आत घालून टोकापाशी अस्तर चाचपा. तिथे घासून भोक पडलं असेल किंवा नखाचा खड्डा लागत असेल, तरी तेच उत्तर. बूट काढल्याबरोबर पायही पाहा : बोटांच्या पेरांवर लाली, अंगठ्याच्या नखाच्या कडेला सूज, टाचेच्या मागे चट्टा. नखं सरळ आडवी कापा. कोपऱ्यात खोल गोलाई देऊन कापलेलं नख आखूड बुटात मांसात रुततं.

मोजेही तपासा. धुऊन आटलेला मोजा बोटांना तसाच ओढून धरतो जसा आखूड बूट. टाचेचा विणलेला खड्डा टाचेवर न येता तळव्याखाली सरकत असेल तर मोजा लहान झाला आहे.

प्रश्न : किती महिन्यांनी बूट बदलायचे?

उत्तर : महिने मोजून बूट बदलू नका, महिने मोजून पाऊल मोजा. एक ते तीन वर्षं वयात पाऊल महिन्याला सरासरी दीड मिमी वाढतं, तीन ते सहा या वयात साधारण एक मिमी, त्यानंतर थोडं कमी. पण ही सरासरी झाली. वाढ धक्क्याधक्क्याने होते, दोन महिने काहीच नाही आणि मग एकदम तीन मिमी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं पाऊल दर दोन महिन्यांनी मोजा, चार वर्षांपर्यंत तीन-चार महिन्यांनी, पुढे चार ते सहा महिन्यांनी.

सोपी युक्ती : नवा बूट आणल्यावर त्याच्या आतल्या नेमक्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि तिच्यावर बुटाचं नाव व तारीख लिहून ठेवा. पट्टीच्या पुढच्या टोकापासून ६ मिमीवर लाल रेघ मारा. तपासताना पट्टी भिंतीला लावून मुलाला तिच्यावर उभं करायचं. सर्वांत लांब बोट लाल रेघेला टेकलं की नवा बूट आणायचा, मग जुना कितीही चांगला दिसत असला तरी.

प्रश्न : थोरल्याचे बूट धाकट्याला घातले तर चालतात का? काही तर अगदी नव्यासारखे असतात.

उत्तर : रोज वापरलेले नकोत. समारंभापुरते पाच-सात वेळा घातलेले असतील आणि माप जुळत असेल, तर खुशाल घाला.

रोजचा बूट सहा महिन्यांत एका पायाची ओळख धरतो. सोल एका बाजूला झिजतो, आतल्या तळाला खळगे पडतात, टाचेचा भाग एका अंगाला कलतो. धाकट्याचं पाऊल त्या खाचांत बसवलं की त्याला थोरल्याची चाल उसनी घ्यावी लागते.

बूट टेबलावर ठेवा, डोळे त्याच्या पातळीवर आणून मागून पाहा. टाचेची मधली शिवण उभी सरळ हवी, आत किंवा बाहेर झुकलेली नको. टोकाला बोटाने दाबून सोडा, बूट एका कुशीवर डुलला तर सोल तिरका झिजला आहे. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असणं नेहमीचंच, तेवढ्यावरून बूट टाकू नका. मग टाचेच्या दोन्ही बाजू चिमटीत दाबा. कागदासारख्या आत गेल्या तर बूट मागून पाय धरणार नाही. लेस न सोडता पाय कोंबायची सवय असलेल्या मुलांच्या बुटांची टाच हमखास अशीच असते.

हे सगळं ठीक असेल तर आतला सोल नवा टाका, लेस नवी घाला. थोरल्याच्या बोटांत बुरशीचा त्रास झाला असेल तर मात्र त्या काळातला बूट धाकट्याला देऊ नका.

प्रश्न : बाळ अकरा महिन्यांचं, धरून धरून चालतं. घोट्याच्या वर येणारे कडक बूट घातले तर लवकर चालेल आणि घोटे मजबूत होतील, असं सांगतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. बूट चालायला शिकवत नाही. घरात अनवाणीच चालू द्या. बोटांनी फरशी धरत, तोल सावरतच पावलाचे स्नायू तयार होतात. बूट लागतो तो बाहेरच्या खड्यांपासून, तापलेल्या किंवा थंड जमिनीपासून बचावासाठी. तेव्हा बाळ बाहेर स्वतःच्या पायांनी चालायला लागेल तेव्हा घ्या. कडेवर किंवा बाबागाडीत असलेल्या बाळाला मऊ मोजे पुरतात.

पहिला बूट दोन बोटांच्या जोराने चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध, कमानीच्या जागी घडी पडत असेल तर नको. पुढे बोटं पसरतील एवढी रुंदी हवी आणि आतली बाजू सरळ, अंगठ्याला बाहेरच्या बोटांकडे न ढकलणारी. वेल्क्रोचा पट्टा पावलाच्या चढावर यायला हवा आणि बूट पुरता उघडायला हवा, कारण या वयातली मुलं पाय घालताना बोटं आकडी करतात आणि ती तशीच आत अडकतात. घोट्यापर्यंतचा बूट घ्यायचाच तर एकाच कारणासाठी : तो बाळाला ओढून काढता येत नाही.

प्रश्न : मुलीचा पुढचा पंजा रुंद आणि टाच अरुंद आहे. रुंदीसाठी मोठा नंबर घेतला की टाच निसटते.

उत्तर : ही चूक सर्रास होते. नंबर वाढवला की रुंदी जेमतेम वाढते, लांबी मात्र लगेच. बोटांच्या जागी मुळातच रुंद आणि गोल असलेला साचा शोधा. काही उत्पादक एकाच नंबरात दोन-तीन रुंद्या देतात, ब्रिटिश पद्धतीत त्यांना एफ, जी, एच अशी अक्षरं असतात. मुलांच्या बुटात एफ सर्वसाधारण, एच त्याहून रुंद.

बूट घालून मुलगी उभी असताना चवड्याच्या सर्वांत रुंद जागी वरचं कातडं चिमटीत धरा. बारीकशी सुरकुती आली तर बरोबर, कातडं ताणलेलं राहून काहीच हाती आलं नाही तर अरुंद, मोठी घडी आली तर ढिला.

टाच लेसने धरता येते. शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत लेस नेहमीसारखी विणा. मग प्रत्येक टोक त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात वरून आत घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना छोटा फासा तयार होईल. डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं डाव्यातून ओढा. आता दोन्ही टोकं आधी खाली, मग बाहेर खेचा आणि गाठ मारा. गाठ मारण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून बुटात मागे बसवायला विसरू नका, बोटं वर आणि टाच खाली. एवढ्यानेच कित्येक 'ढिले' बूट बरोबर बसतात. वेल्क्रोच्या बुटांनाही हेच लागू.

प्रश्न : पायाबरोबर वाढणारे बूट खरंच मिळतात का? घ्यावेत का?

उत्तर : मिळतात. सर्वांत गाजलेला 'द शू दॅट ग्रोज' हा सँडल. केंटन ली या अमेरिकी तरुणाला २००७ मध्ये नैरोबीत एका मुलीचे आखूड झालेले, पुढून कापलेले बूट पाहून ती कल्पना सुचली. पुढे, बाजूंना आणि मागे बटणांनी पट्टे सरकवून तो पाच नंबरांपर्यंत मोठा होतो. मुलांच्या पायात दुसरं काही असण्याचा संभवच नाही अशा ठिकाणांसाठी तो बनवला आहे, आणि तिथे त्याला तोड नाही.

निवडीला वाव असेल तर पाहायचं एकच : वाढवल्यावर बूट कुठे वाकतो. उघड्या सँडलमध्ये सोल सगळीकडे सारखाच लवचीक ठेवता येतो, त्यामुळे जमतं. बंद बुटात लांबीबरोबर रुंदी आणि चढाची उंचीही वाढायला हवी, नुसतं टोक पुढे सरकणं पुरेसं नाही. वाढवलेल्या स्थितीत पट्टीने आतली लांबी मोजा आणि चवड्यापाशी वाकवून बघा. आणि लहान स्थितीत सोल पायापुढे सुळक्यासारखा उरत असेल तर सोडून द्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाचे तळवे सपाट दिसतात. बुटात कमानीचा आधार घालावा का?

उत्तर : या वयात सपाट तळवा हे दुखणं नाही. कमानीच्या जागी चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, कमान हळूहळू दिसायला लागते. मुलाला चवड्यांवर उभं करा : टाच उचलल्यावर कमान उमटली आणि पाय दुखत नसतील, तर काहीही घालू नका. कमान तरीही उमटत नसेल, पाऊल ताठर वाटत असेल, एकच पाय सपाट असेल किंवा मूल लंगडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आठ ते चौदा वयात खेळून आल्यावर टाच वारंवार दुखत असेल तरीही दाखवा. तो प्रश्न नेहमी बुटाचाच असतो असं नाही.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा. गेल्या वर्षापर्यंत बूट वर्षभर पुरायचे, आता चार महिन्यांत आखूड!

उत्तर : वयात येताना उंचीच्या आधी पावलं वाढतात, त्यामुळे काही काळ असंच चालेल. तेवढ्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी मोजा आणि एका वेळी एकच जोड घ्या. खेळाचा आणि शाळेचा असे दोन जोड लागत असतील तर दोन्ही एकदम आणून एक कपाटात ठेवू नका, तो तिथेच लहान होईल. मुलींचं पाऊल साधारण बारा ते चौदाव्या वर्षी वाढायचं थांबतं, मुलांचं चौदा ते सोळाव्या. वाढ थांबली की मग आवडीचा महाग जोड.

प्रश्न : भिजलेले बूट हीटरसमोर वाळवले, आता चावतात. एक नंबर मोठे आणू का?

उत्तर : आधी आतली लांबी मोजा. थेट उष्णतेने कातडं आखडून कडक होतं आणि सोलचा डिंकही सुटतो. लांबी १-२ मिमीनेच कमी झाली असेल तर कातड्याला क्रीम चोळून मऊ करा आणि घरात रोज अर्धा तास घालायला द्या. पुढच्या वेळी आतला सोल आणि लेस काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला आणि बूट सावलीत, हवेशीर जागी आडवे ठेवा. बोळे ठासू नका. ठासून भरलेला बूट वाळताना फुगतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाय त्यात घसरायला लागतो.